लाखोळीच्या डाळीतलं एक अमिनो आम्ल

बेसनाचं सॅम्पल आलं की आमच्याकडे पहिली चाचणी बिनयंत्राची असते. बीकरमध्ये थोडं बेसन, त्यावर ५० मिली पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि मग साधारण पंधरा मिनिटं गरम वॉटर बाथवर. ॲसिड पडल्या पडल्या गुलाबी झालं तर कुणीतरी मेटॅनिल यलो हा कारखान्यातला रंग घातलेला असतो. लगेच काही झालं नाही, पण ऊब लागत गेली तशी फिकट गुलाबी छटा चढायला लागली, तर ते बेसन नुसत्या हरभऱ्याचं नाही. त्यात लाखोळी, म्हणजेच केसरी डाळ, दळलेली आहे.

परवा अशाच एका सॅम्पलवर ही छटा चढली आणि शेजारी उभी असलेली नवीन ट्रेनी मुलगी म्हणाली, "ताई, ही केसरी डाळ म्हणजे नक्की असते तरी काय? आम्हाला नुसतं शिकवलंय, बंदी आहे म्हणून." ती रत्नागिरीची. तिच्या घरात ही डाळ कधी आलीच नसणार. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीच्या बाजूची. अंधेरीच्या लॅबमध्ये बसून जिच्यापुढे मी 'आढळली' असा शेरा लिहिते, त्या डाळीचे वडे खाऊन मी मोठी झाले. आणि त्याच डाळीने आमच्या घरातल्या एका माणसाचे पाय नेले. या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे तिला सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली. उरलेलं इथे लिहिते आहे.

आमच्याकडे धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धान निघाला की खाली ती हिरवीगार पसरलेली दिसते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, तीच वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. डाळीचं वरण होतं, वडे होतात. दाणा तिरकस, कडेला उतरता. एकदा हातात घेऊन पाहिला की पुन्हा चुकत नाही. पण डाळ भरडून तुरीत मिसळली, किंवा दळून बेसनात घातली, की मुंबईतल्या गिऱ्हाइकाला कळायचा काही मार्ग उरत नाही. ती तुरीपेक्षा आणि हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडते, भेसळीमागचं कारण एवढंच. पाऊस ओढ देवो की शेतात पाणी तुंबो, बाकी सगळं मेलं तरी लाखोळी तग धरते. गरिबाच्या दृष्टीने याहून चांगलं पीक नाही, आणि सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

बाबांचे काका, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, तरुणपणी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. मजुरी धान्यात मिळायची. ज्या वर्षी धान गेला त्या वर्षी धान्य म्हणजे लाखोळी. सकाळी लाखोळी, रात्री लाखोळी, असे कितीतरी महिने. एके सकाळी उठले तेव्हा पिंढऱ्या दगडासारख्या ताठ झाल्या होत्या. मी पाहिले ते म्हातारे आबाजी: दोन काठ्यांवर, चवड्यांवर चालणारे, एक गुडघा दुसऱ्याला घासून पुढे येणारा. टाच कधी जमिनीला टेकली नाही. मात्र हात शेवटपर्यंत भक्कम, दोर वळायचे तर असे की सुटायची सोय नाही. डोकंही तसंच तल्लख, सगळ्या गावाचे हिशेब तोंडी. दुखणं पुढे वाढलं नाही आणि मागेही हटलं नाही. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, लोकांना माहीत होतं ना, मग का खाल्ली? ते म्हणाले, "पोटाले दुसरं होतं का, बाई?"

हे एकट्या आमच्या गावाचं नाही. १८३० च्या आसपास मध्य भारतातल्या सागर भागात गहू लागोपाठ बुडाला, लोक तिवड्यावर म्हणजे लाखोळीवर जगले, आणि तरण्याताठ्या माणसांचे कमरेखालचे अवयव निकामी झाले, असं स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं. ते १८४४ मध्ये छापलं गेलं. शंभर वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, आजच्या युक्रेनमधल्या व्हाप्नियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना रोज हीच डाळ उकडून देत होते. काही आठवड्यांत माणसं लंगडायला लागली. कैद्यांतलेच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी कारण ओळखलं. रीवा-सतना भागात तर वेठबिगारांना मजुरीच या डाळीत देत, आणि पाय गेलेल्यांची संख्याही तिथेच मोठी. देश वेगळे, माणसं वेगळी, पण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. ताटात पर्याय नव्हता. आजवर मला वाटायचं, हा मुद्दा समाजशास्त्राचा आहे, रसायनशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. पेशीत काय घडतं ते नीट वाचल्यावर लक्षात आलं की ताटात पर्याय नसणं हा त्या रसायनशास्त्राचाच भाग आहे. मला सांगायचंय ते हे.

या डाळीतलं विष १९६४ मध्ये वेगळं काढलं गेलं, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, एस. एल. एन. राव, अडिगा आणि सरमा यांनी. त्याच वर्षी दिल्लीच्या शास्त्रज्ञांनाही ते सापडलं. ते निघालं एक अमिनो आम्ल. आपल्या प्रथिनांत जी वीस अमिनो आम्लं असतात त्यांतलं नाही. वनस्पती स्वतःसाठी बनवते ते. पूर्ण नाव लांबलचक आहे, लॅबमध्ये सगळे ओडॅप म्हणतात. पुढे १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवलं की हेच रसायन दिलं की पायांची तशीच लक्षणं दिसू लागतात. ते ज्या जागी जाऊन बसतं ती जागा मात्र त्याच्यासाठी बनलेलीच नाही. ती आहे ग्लुटामेटची.

ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागं करायला जे रसायन सर्वाधिक वापरतात ते. तेही अमिनो आम्लच. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीतून ते चवीसाठी वेगळं केलं, त्यातूनच अजिनोमोटो आलं. ते मेंदूत संदेश नेतं हे लोकांच्या गळी उतरायला पुढे कितीतरी वर्षं लागली, कारण जे प्रत्येक पेशीत, प्रत्येक घासात सापडतं ते संदेशवाहक कसं असेल, अशी शंका होती. आणि ते जास्त झालं तर मारक ठरतं हे आणखी उशिरा कळलं. १९५७ मध्ये लुकस आणि न्यूहाउस यांना नवजात उंदरांच्या डोळ्यांच्या पडद्यात मेलेल्या पेशी दिसल्या. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी मेंदूतही तेच दाखवलं. उत्तेजनानेच पेशी मरते, ही कल्पना तिथून रुजली.

पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुटामेटसाठी निरनिराळे रिसेप्टर असतात, म्हणजे ते येऊन बसलं की उघडणारी दारं. त्यांतले दोन आपल्या कामाचे. पहिला एएमपीए. ग्लुटामेट येऊन बसलं की तो उघडतो, सोडियम आत शिरतं, पेशीला झटका बसतो, आणि क्षणार्धात तो मिटतो. दुसरा एनएमडीए, तो जास्त सावध. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो, हे १९८४ मध्ये कळलं. ग्लुटामेट येऊन बसलं तरी पेशी आधीच उत्तेजित झालेली नसेल तर तो मॅग्नेशियम हलत नाही. शिवाय याला ग्लुटामेटच्या जोडीला आणखी एक अमिनो आम्ल लागतं, ग्लायसीन (१९८७), किंवा डी-सेरीन. दोन रसायनं हजर हवीत आणि पेशी जागी हवी, तेव्हा कुठे तो उघडतो आणि कॅल्शियम आत सोडतो. आपण नवीन काही शिकतो, लक्षात ठेवतो, ते बऱ्याच अंशी या सावधपणाच्या जोरावर. इतकी काळजीपूर्वक केलेली रचना पाहिली की मला दरवेळी आदर वाटतो.

ओडॅप जाऊन बसतं ते मुख्यतः एएमपीएवर. पेशी पुन्हा पुन्हा उत्तेजित होते, त्यामुळे एनएमडीएच्या तोंडचा मॅग्नेशियमही सुटतो. शिवाय पायाच्या हालचाली चालवणाऱ्या चेतापेशींत एएमपीएचे काही रिसेप्टर असे असतात की त्यांतून थेट कॅल्शियमही आत येतं. कॅल्शियम बेसुमार आत आलं की पेशी ते मायटोकाँड्रियात कोंबते. मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते. तिथलं गणित बिघडलं की ऑक्सिजनचे अर्धवट वापरलेले रेणू बाहेर सांडतात, सुपरऑक्साइड वगैरे. त्याच वेळी कॅल्शियममुळे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमही चालू होतं, आणि दोघांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे फार दाहक रसायन बनतं. आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन तो वीस टक्क्यांच्या आसपास खातो, आणि त्याच्या पेशींची आवरणं सहज खवट होणाऱ्या स्निग्धांची. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द आज जाहिरातींत कशालाही चिकटवतात. त्याचा नेमका अर्थ हा आहे, अशा जागी असे रेणू साचणं आणि त्यांना विझवायची सोय अपुरी पडणं.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे अशाच क्रमाने सांगतात: आधी रिसेप्टर, मग कॅल्शियम, मग ऑक्सिडेशन. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने भारतातच केलेलं काम वाचलं आणि हा क्रम इतका सरळ नाही हे समजलं. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना ओडॅप दिल्यावर मायटोकाँड्रियातला कॉम्प्लेक्स वन, म्हणजे ऊर्जेच्या साखळीतली पहिली पायरी, फार लवकर मंदावतो. तोही सगळ्या मेंदूत नाही. मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात आणि हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात, म्हणजे आबाजींचे पाय जिथून चालायचे नेमक्या त्याच जागी. कॉम्प्लेक्स वन मंदावायचं कारण त्यातले गंधकाचे गट, ज्यांना थायॉल म्हणतात, त्यांचं ऑक्सिडेशन. गंधकाचा साठा भरून देणारी रसायनं आधी दिली तर तो वाचतो. पेशी मरण्याच्या आधीची ही पायरी आहे, आणि ती गंधकाची आहे.

हे वाचताना मला आजीची आठवण झाली. आबाजींची वहिनी, त्याच घरात, त्याच वर्षी, तीच डाळ खाणारी. तिला काही झालं नाही. गावात म्हणायचे, बायांना हा रोग होत नाही. आकडेही तेच सांगतात: हा रोग पुरुषांना स्त्रियांपेक्षा पुष्कळ जास्त होतो, त्यातही तरुण पुरुषांना. याच गटाने पुढे दाखवलं की उंदरांच्या माद्यांमध्ये ग्लुटारेडॉक्सिन हे एन्झाइम जास्त असतं, आणि ते या ऑक्सिडाइज झालेल्या थायॉलना पुन्हा दुरुस्त करतं. इस्ट्रोजेनमुळे ते टिकून राहतं. आजी गेली तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. हे तिला सांगायला मिळालं असतं तर तिने पदर खोचून म्हटलं असतं, "मग मी का खोटं सांगत होती?" तिचं नेहमीचं म्हणणं होतं की बाईचं हाड वेगळं असतं. हाड नव्हतं, पण वेगळं काहीतरी होतं खरं.

आता गंधक. पेशीत ऑक्सिडेशन विझवणारा मुख्य रेणू म्हणजे ग्लुटाथायोन. तो तीन अमिनो आम्लांचा बनतो: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन. यांतली दोन नावं वर रिसेप्टरच्या गोष्टीत येऊन गेली. जे ग्लुटामेट रिसेप्टर उघडतं आणि जे ग्लायसीन त्याला साथ देतं, तेच दोघं पेशीच्या आत शिरल्यावर तिसऱ्याच्या जोडीने तिला वाचवतात. त्या तिघांत कमी पडतं ते नेहमी सिस्टीन, कारण गंधक त्याच्याकडे असतं. ते पेशीत येतं सिस्टिन या जोडरूपात, एका अदलाबदलीच्या दारातून: सिस्टिन आत, ग्लुटामेट बाहेर. बाहेर ग्लुटामेट आधीच जास्त असेल तर ही अदलाबदल अडते, आत ग्लुटाथायोन घटतं आणि पेशी ऑक्सिडेशननेच मरते. त्यासाठी रिसेप्टर लागतही नाही. २००४ मध्ये असं दिसून आलं की ओडॅपही याच दारातून जातं. कुर्ल्याला लोकलच्या दारात एखादा अडून उभा राहिला की ज्याला चढायचंय तो फलाटावरच राहतो, तसं सिस्टिनचं होतं.

आता परत ताटाकडे या. लाखोळीत प्रथिनं भरपूर, पण गंधकाची अमिनो आम्लं, मेथिओनीन आणि सिस्टीन, फार थोडी. डाळींत ती एकूणच कमी असतात, हिच्यात जास्तच कमी. तांदूळ, गहू, ज्वारीत ती तुलनेने बरी, अंडं, मासा, दुधात तर चांगलीच. वरण-भात हे जेवण म्हणून टिकलंय त्याचं एक कारण हेच, की दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. धान गेला म्हणजे भात गेला, म्हणजे ती भरपाईही गेली. आबाजींच्या शरीरात एका बाजूने रिसेप्टरला डिवचणारं अमिनो आम्ल रोज येत होतं, आणि त्याने केलेलं नुकसान भरून काढणारं अमिनो आम्ल येणं बंद झालं होतं. इथिओपियात १९९५ नंतर मोठी साथ आली होती. तिच्या अभ्यासात हेच दिसलं की ज्यांनी ही डाळ गंधकाची अमिनो आम्लं असलेल्या धान्यात मिसळून खाल्ली त्यांना धोका कमी होता. सर्वसाधारण अनुभव असा की जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल, तेही सलग दोन-तीन महिने, तेव्हा हा रोग दिसायला लागतो. आमच्या पिढीने सणावारी वडे खाल्ले, सोबत भात, दूध, तलावातले मासे. आम्हाला काही झालं नाही.

यात आणखी एक क्रूर गोष्ट आहे. पाण्याचा ताण पडला की हे रोप ओडॅप जास्त बनवतं. म्हणजे ज्या वर्षी दुसरं काही पिकत नाही त्याच वर्षी लाखोळीही जास्त विषारी निघते.

ट्रेनी मुलीने हे सगळं ऐकून विचारलं ते अगदी मुंबईचं होतं: "मग ताई, ते ग्लुटाथायोनचं ड्रिप घेतात पार्लरमध्ये, ते चांगलंच की?" तिची मैत्रीण लग्नाआधी गोरं दिसायला ते घेणार होती. मी तिला स्पष्ट नको म्हणून सांगितलं, आणि अजूनही माझं मत तेच आहे. शिरेतून सोडलेलं ग्लुटाथायोन मेंदूतल्या त्या पेशीत जाऊन बसत नाही. पेशीला ते आपलं आपण बनवावं लागतं. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली की रुग्णालयात एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, कारण त्यातून यकृताला सिस्टीन मिळतं आणि ग्लुटाथायोन पुन्हा भरतं. तिथे ते प्राण वाचवतं. ते औषध आहे, आणि डॉक्टरच्या हातात आहे. नुसतं सिस्टीन म्हणाल तर ओल्नींनीच १९७० मध्ये दाखवलं होतं की नवजात उंदरांना ते जास्त दिलं की त्यांच्या मेंदूला ग्लुटामेटसारखीच इजा होते. अमुक अमिनो आम्ल चांगलं, तमुक वाईट, अशी यादी करताच येत नाही. कुठे, किती आणि कुणाच्या सोबतीने, हे विचारावंच लागतं. अजिनोमोटोचंही तसंच. तोंडावाटे घेतलेलं ग्लुटामेट बहुतांश आतड्याच्या पेशीच जाळून टाकतात, आणि उरलेल्याला रक्तातून मेंदूत जायला अटकाव असतो. चायनीजच्या गाडीवर खाऊन कुणाचे पाय गेलेले नाहीत.

घरातलं एक उदाहरण मात्र मी गंभीरपणे घेते. आमच्या सासूबाई शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या. त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, विसरायला होऊ लागलं. भांडुपच्या आमच्या डॉक्टरांनी बी-१२ आणि होमोसिस्टीन तपासायला सांगितलं. बी-१२ खाली, होमोसिस्टीन वर. होमोसिस्टीन हेही गंधकाचं अमिनो आम्ल, मेथिओनीनपासून बनणारं. बी-१२ आणि फोलेट असेल तर शरीर ते परत मेथिओनीनमध्ये वळवतं; नसेल तर ते साचतं. साचलेलं होमोसिस्टीन एनएमडीए रिसेप्टरवर ग्लुटामेटच्या जागी बसू शकतं, आणि रक्तात ऑक्सिडेशनही वाढवतं. म्हणजे ज्या गंधकाची लाखोळीच्या वर्षी वाण पडली तेच गंधक जीवनसत्त्व नसेल तर दुसऱ्या बाजूने त्रास देतं. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुसंख्य लोकांचं होमोसिस्टीन वाढलेलं निघालं होतं, आणि त्यामागे बी-१२ ची उणीव. मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. ज्यांच्या घरी शाकाहारी आणि मधुमेही माणूस आहे त्यांनी ही तपासणी एकदा करून घ्यावी. सासूबाईंना इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी झाल्या. विसरणं थोडं आहे, पण त्या आता ऐंशीच्या घरात आहेत.

बंदीबद्दल माझं मत कामाच्या ठिकाणी फारसं कुणाला आवडत नाही. केसरी डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. भेसळ पकडायला ती हवीच. पैसे हरभऱ्याचे घेऊन लाखोळी विकणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही, आणि 'आढळली' लिहिताना माझा हात थांबत नाही. पण पीक काही थांबलं नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत ते पेरलं जातच राहिलं, कारण धानानंतर त्या जमिनीत खर्च न करता दुसरं काही येत नाही. आता कमी ओडॅपचे वाण आले आहेत: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा रतन, रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे प्रतीक आणि महातिवडा. त्यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली असतं. लॅबमध्ये ते मोजताही येतं: अल्कलीत उकळून ओडॅप फोडायचं, ऑर्थो-थॅलाल्डिहाइड घालायचं, जो पिवळा रंग येतो तो ४२० नॅनोमीटरला वाचायचा. पद्धत राव यांचीच, १९७८ ची. ज्यांनी विष शोधलं त्यांनीच ते मोजायची सोय करून ठेवली. बेसनात आहे की नाही एवढंच बघणारी चाचणी आणि किती आहे ते सांगणारी चाचणी, यांत फरक आहे, आणि शेतकऱ्याच्या मालाला दुसरी मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गावाहून कुणी आलं की अजूनही पिशवीत थोडी लाखोळी असते. मुंबईत वाढलेल्या पुतण्यांनी विचारलं, खायची का, तर मी काकूची पद्धत सांगते. डाळ कडकडीत पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी ते पाणी फेकायचं. पुन्हा भरपूर पाण्यात उकळायची, तेही पाणी फेकायचं. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे बरंचसं निघून जातं, आणि उष्णतेने काही भाग कमी विषारी रूपात बदलतो. भाकर किंवा भात सोबत हवाच, जमलं तर अंड्याचा रस्सा. वडे करा, पाहुण्यांना घाला. महिनाभर रोज वरण नको. घरात कुणाचे पाय आधीच ताठ असतील, तर त्या माणसाला अजिबात नको.